घरचें ऊन आणि समुद्राचें पाणी

उन्हाळ्याच्या दिवसांत पेण-अलिबागकडच्या खारेपाटांतून किंवा मुंबईच्या आसपासच्या मिठागरांजवळून जो कोणी गेला असेल, त्यानें एक देखावा अवश्य पाहिला असेल. सपाट जमिनीवर बांध घालून केलेले चौकोनी वाफे, त्यांत घेतलेलें भरतीचें पाणी, वर रणरणतें ऊन, आणि कांहीं दिवसांनीं वाफ्याच्या तळाशीं सांचलेले मिठाचे पांढरे दाणे. मिठागरांतला मजूर ते दाणे ओढून त्यांचे ढीग करतो आणि आपलें काम झालें असें समजतो. परंतु त्या वाफ्यांत वस्तु दोन होत्या. एक मीठ आणि दुसरी पाणी. मीठ माणसानें घेतलें, पाणी सूर्यानें नेलें. समुद्राच्या एक किलो पाण्यांत क्षार असतात सुमारें ३५ ग्रॅम. बाकीचे ९६५ ग्रॅम म्हणजे निव्वळ पाणी. तेव्हां ज्याच्या डोळ्यांदेखत हजारों लिटर शुद्ध पाणी रोज हवेंत उडून जातें, त्याच मजुराच्या घरीं पिण्याच्या पाण्याचा हंडा मात्र दुरून आणावा लागतो. ह्या विसंगतींतूनच आजच्या विषयाचा जन्म होतो. मीठ मिळविण्यासाठीं जें ऊन आपण कामाला लावतों, तेंच ऊन पाणी मिळविण्यासाठीं घरच्या घरीं लावतां येईल काय? आणि आलें, तर त्यापासून किती अपेक्षा करावी?

सूर्य हें काम आजच करूं लागला आहे असें नाहीं. पृथ्वीवर पडणारा बहुतेक पाऊस म्हणजे समुद्राचें ऊर्ध्वपातन केलेलें पाणीच होय. समुद्राच्या पृष्ठभागावरून वाफ उठते, क्षार मागें राहतात, वाफ उंच जाऊन थंड होते, तिचे ढग बनतात आणि ढगांचे थेंब होतात. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल ह्यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतच हें ओळखलें होतें. खाऱ्या पाण्याची वाफ गोडी असते, आणि ती थंड होऊन तिचें पुन्हां पाणी झालें तरी तें खारें होत नाहीं, असें त्यानें आपल्या हवामानविषयक ग्रंथांत नमूद करून ठेवलें आहे. ऊन, वाफ आणि थंड पृष्ठभाग ह्या तीन गोष्टी एका पेटींत आणल्या कीं घरगुती सौर ऊर्ध्वपातनाचें यंत्र तयार झालें.

परंतु यंत्राकडे वळण्यापूर्वीं, समुद्राचें पाणी पिण्यास कां चालत नाहीं, हें स्पष्ट होणें अवश्य आहे. केवळ चव वाईट म्हणून तें वर्ज्य आहे असें नव्हे. माणसाच्या रक्तांत क्षारांचें प्रमाण शेंकडा एकाहून थोडें कमी असतें. समुद्राच्या पाण्यांत तें शेंकडा साडेतीन असतें. जादा मीठ बाहेर टाकण्याचें काम मूत्रपिंडांचें. पण मूत्रांतील मिठाचें प्रमाण शेंकडा दोनच्या आसपास नेण्यापलीकडे त्यांची शक्ति चालत नाहीं. म्हणून एक लिटर समुद्राचें पाणी पोटांत गेलें, तर त्यांतील मीठ बाहेर घालविण्यास शरीराला दीड लिटरहून अधिक पाणी खर्चावें लागतें. हें वरचें पाणी तें स्वतःच्या सांठ्यांतून काढतें. प्यावें तितकी तहान वाढावी, अशी ही स्थिति आहे. आणि गलबत फुटून समुद्रावर तरंगत राहिलेले कित्येक खलाशी पाण्यांत असूनहि तहानेनें मेले ते ह्याच कारणानें.

मीठ काढण्याचे म्हणून जे घरगुती उपाय सुचतात, त्यांपैकीं बहुतेक निरुपयोगी आहेत. पाणी उकळल्यानें जंतु मरतात, मीठ जात नाहीं. उलट कांहीं पाणी उडून गेल्यामुळें राहिलेलें पाणी अधिकच खारट होतें. तुरटी फिरविल्यानें गढूळपणा खालीं बसतो, विरघळलेलें मीठ बसत नाहीं. वाळू, कोळसा किंवा सातपदरी फडकें ह्यांतूनहि मीठ पाण्याबरोबरच पलीकडे जातें. आणखी एक गैरसमज शहरांतील सुशिक्षित घरांत विशेष आढळतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलें आर. ओ. यंत्र मचूळ पाणी गोडें करतें, तर समुद्राचेंहि करील, असें कित्येकांना वाटतें. परंतु तीं घरगुती यंत्रें सामान्यतः लिटरमागें दोन हजार मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेल्या पाण्यासाठीं बनविलेलीं असतात. समुद्राच्या पाण्यांत हें प्रमाण पस्तीस हजारांच्या घरांत आहे. त्यांतील पडद्यांतून समुद्राचें पाणी ढकलावयाचें तर वातावरणाच्या दाबाच्या पंचावन्न ते सत्तरपट दाब द्यावा लागतो. आणि घरगुती यंत्राचा पंप सामान्यतः त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच दाब देतो. तेव्हां तो प्रयोग करण्यांत यंत्र बिघडण्याखेरीज दुसरें कांहीं पदरांत पडत नाहीं. वाफ करणें आणि ती थंड करणें, हाच घरच्या घरीं करण्याजोगा खरा मार्ग उरतो.

आतां ह्या यंत्राची रचना पाहूं. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा एक उथळ हौद गच्चीवर किंवा अंगणांत, जेथें दिवसभर सांवली येत नाहीं अशा जागीं, विटा व सिमेंट ह्यांनीं बांधावा. उत्तरेकडची भिंत दक्षिणेकडच्या भिंतीपेक्षां सुमारें पंचवीस सेंटिमीटर उंच असावी आणि बाजूच्या दोन भिंती त्या मानानें उतरत्या असाव्या. हौदाचा तळ आंतून काळा असला पाहिजे, कारण काळा रंग ऊन गिळतो आणि पांढरा तें परतवितो. हा काळेपणा आणण्यासाठीं डांबर किंवा दुकानांतला साधा तेलरंग वापरूं नये. तापल्यावर त्यांचा वास व त्यांतील अपायकारक द्रव्यें वाफेबरोबर वर चढतात. पाण्याच्या टाक्यांसाठीं मिळणारें काळें रबरी अस्तर किंवा उष्णता सहन करणारें काळें सिलिकोन ह्या कामीं योग्य. तळाखालीं भाताचें तूस, लांकडाचा भुसा किंवा नारळाचा काथ्या ह्यांचा चार बोटें जाड थर कोरडा राहील अशा रीतीनें घातला, म्हणजे उष्णता जमिनींत झिरपत नाहीं.

हौदाच्या वर चार मिलिमीटर जाडीची साधी, स्वच्छ, अखंड कांच उतरती बसवावी. हा उतार फार महत्त्वाचा आहे. कांच जवळजवळ आडवी ठेवली, तर तिच्या आंतल्या अंगास जमलेले थेंब जागच्या जागीं मोठे होऊन पुन्हां खाऱ्या पाण्यांत पडतात. आणि फारच उभी केली, तर ऊन कमी मिळतें व आंतली पोकळी विनाकारण वाढते. आपल्या कोंकणपट्टींत दहा ते वीस अंशांचा उतार पुरतो. मे महिन्यांत सूर्य बहुतेक डोक्यावरच असल्यामुळें कांचेचें तोंड कोठें आहे ह्यानें फारसा फरक पडत नाहीं. पण हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेस कलतो, म्हणून तोंड दक्षिणेस ठेवणेंच हिताचें. कांचेच्या खालच्या कांठाशीं, आंतल्या अंगास, गंज न चढणाऱ्या पोलादाची एक अरुंद पन्हळ एका बाजूस किंचित् उतरती अशी बसवावी. कांचेवरून ओघळणारे थेंब हिच्यांत पडतात आणि एका नळींतून बाहेरच्या झांकलेल्या भांड्यांत येतात. हे सांधे जुळवितांना शिशाचा डाख मुळींच वापरूं नये. ऊर्ध्वपातन केलेलें पाणी शिशासारखे धातु सहज अंगीं घेतें आणि शिसें हें, विशेषतः मुलांना, विषच होय. कांच व भिंत ह्यांमधली प्रत्येक फट सिलिकोननें बुजवावी. ज्यांचीं अशीं यंत्रें निकामी ठरलीं, त्यांपैकीं बहुतेकांचा दोष उन्हाचा नव्हता, फटींचा होता. एवढ्याशा भेगेंतून वाफ निसटते आणि मालक मात्र रिकाम्या भांड्याकडे पाहून सूर्याला बोल लावतो.

हौदांत पाणी किती घ्यावें? अधिक पाणी घातलें म्हणजे अधिक मिळेल, असा सहज समज होतो. पण तो चुकीचा आहे. पाणी जितकें खोल तितकें तें सावकाश तापतें. दोन ते तीन सेंटिमीटर खोली पुरे. सकाळीं यंत्र भरावें. दहाच्या सुमारास कांच आंतून धुरकट दिसूं लागते; दुपारीं तिच्यावर थेंबांच्या ओळी धरतात; आणि ऊन उतरूं लागल्यावरहि, हौदांतील पाणी तापलेलें व कांच थंड होत चाललेली असल्यामुळें, थेंब कांहीं वेळ पडतच राहतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, जेवढें गोडें पाणी मिळालें असेल त्याच्या दुप्पट ते तिप्पट नवें खारें पाणी आंत ओतावें आणि जादा पाणी वरच्या नळीवाटे वाहून जाऊं द्यावें. हें न केल्यास आंतील पाणी दिवसेंदिवस घट्ट होत जातें, तळावर मिठाचा पांढरा थर बसतो, तळाचा काळेपणा झांकला जातो आणि यंत्राचें पुन्हां मिठागर होतें. बाहेर पडलेलें तीव्र खारें पाणी माडाच्या आळ्यांत किंवा परसांतील भाजीच्या वाफ्यांत सोडूं नये. ज्या समुद्रांतून आणलें त्यांतच तें परत करावें. कांचेवरची धूळ रोज पुसावी. सिलिकोनचा वास जाईपर्यंत पहिल्या कांहीं दिवसांचें पाणी पिण्यास घेऊं नये.

एवढें सर्व नीट केल्यावर पाणी मिळतें तरी किती? येथें थोडें गणित करणें प्राप्त आहे, आणि हें गणित कोणीहि शाळकरी मुलगा करूं शकेल. स्वच्छ उन्हाळी दिवशीं एक चौरस मीटर जमिनीवर सूर्य सुमारें पांच हजार किलोकॅलरी उष्णता ओततो. साठ अंशांच्या आसपास तापलेल्या एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारें ५६५ किलोकॅलरी लागतात. भागाकार केला तर उत्तर नऊ लिटरच्या आसपास येतें. परंतु हें झालें कागदावरचें उत्तर. कांहीं ऊन कांचेवरून परावृत्त होतें, कांहीं उष्णता तळांतून व भिंतींतून जाते, कांहीं पाणी तापविण्यांतच खर्च होते. प्रत्यक्षांत ह्या उन्हापैकीं तिसरा हिस्सा, फार तर निम्म्याहून थोडा कमी हिस्सा कामीं येतो. म्हणून चौरस मीटरमागें दिवसाला तीन ते चार लिटर हें चांगल्या यंत्राचें चांगलें उत्पन्न समजावें. हिवाळ्यांत व ढगाळ दिवशीं तें ह्याहून बरेंच घटतें, आणि भर पावसाळ्यांत तर हिशेबांत धरण्याजोगें राहत नाहीं.

समजा, समुद्रकांठच्या एखाद्या गांवांत पांच माणसांचें एक कुटुंब आहे. चैत्र उलटला कीं त्यांच्या विहिरीचें पाणी मचूळ होऊं लागतें. डाळ शिजत नाहीं, साबणाला फेंस येत नाहीं, चहा नासल्यासारखा लागतो. पिण्यास आणि स्वयंपाकास माणशीं तीन लिटर धरले, तर ह्या घरास रोज पंधरा लिटर पाणी हवें; म्हणजे पांच चौरस मीटर कांच हवी. अंगणांत अडीच खाटा पसरल्या तर जेवढी जागा व्यापेल, तेवढी ही झाली. इतकी जागा कोंकणांतल्या घरास जड नाहीं. पण ह्याच पाण्यानें एका माणसास एक बादलीभर आंघोळ करावयाची म्हटली, तर तेवढ्यासाठींच आणखी पांच चौरस मीटर कांच लागेल. शिवाय दुसराहि एक हिशेब आहे. समुद्राचेंच पाणी वापरावयाचें तर यंत्र धुऊन काढण्यासाठीं लागणारें पाणी धरून रोज तीस ते पंचेचाळीस लिटर खारें पाणी घरापर्यंत आणावें लागतें. समुद्र अंगणाला लागून असेल तर ठीक. तो अर्ध्या कोसावर असेल, तर गोड्या पाण्याचा हंडा वाहणारी बाई आतां खाऱ्या पाण्याचे दोन हंडे वाहूं लागेल, एवढाच फरक. अशा घरानें आपल्या मचूळ विहिरीचेंच पाणी यंत्रांत घालावें. त्यांत क्षार कमी असल्यामुळें धुण्यास पाणी कमी लागतें आणि वाहतूकहि वांचते.

अशा घरांत पहिल्या दिवशीं भांड्यांत जमलेलें पाणी नातू चाखून पाहतो आणि म्हणतो, "आजी, ह्याला तर कांहींच चव नाहीं गं." आजी म्हणते, "अरे, पावसाचें पाणी असेंच लागतें." आजीच्या ह्या एका वाक्यांत सर्व शास्त्र आलें. पाण्याला जी चव वाटते ती त्यांत विरघळलेल्या क्षारांची, आणि येथें क्षार मागें राहिले आहेत. त्यांच्याबरोबर रोगजंतु, फ्लोराइड व आर्सेनिकहि मागेंच राहतात, हा मोठाच लाभ होय. शरीरास हवे असलेले क्षार मुख्यतः अन्नांतून मिळतात. तरीहि चवीसाठीं, खात्रीचें व निर्जंतुक असें थोडें साधें पाणी त्यांत मिसळावयास हरकत नाहीं. मात्र दोन गोष्टींची सावधगिरी हवी. पेट्रोल, रॉकेल, कांहीं कीटकनाशकें अशा उडून जाणाऱ्या पदार्थांची वाफहि पाण्याच्या वाफेबरोबर वर चढते. म्हणून कारखान्यांचें सांडपाणी ज्या खाडींत येतें, त्या खाडीचें पाणी ह्या यंत्रानें पिण्याजोगें होईल असें मानूं नये. आणि पाणी कितीहि शुद्ध मिळालें, तरी तें ज्या भांड्यांत सांठवावयाचें तें उघडें राहिलें, किंवा त्यांत कोणी हात बुडविला, तर सगळी शुद्धता तेथेंच संपते.

हा विचार केवळ पुस्तकी आहे असें कोणी समजूं नये. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाच्या उत्तर भागांत अटाकामा नांवाचें वाळवंट आहे. जगांतील अत्यंत कोरड्या प्रदेशांत त्याची गणना होते. तेथील खाणींवर राबणाऱ्या खेचरांना पाजण्यास गोडें पाणी नव्हतें. जमिनींतून निघे तें समुद्राच्या पाण्याहूनहि कितीतरी अधिक खारें. १८७२ सालीं चार्ल्स विल्सन नांवाच्या अभियंत्यानें तेथें लास सालिनास ह्या ठिकाणीं लांकडी हौदांवर उतरत्या कांचा बसवून चार हजारांहून अधिक चौरस मीटरांचें एक यंत्र उभारलें. त्यांतून दिवसास सुमारें बावीस हजार लिटर पाणी निघत असे, आणि तें कित्येक वर्षें चाललें. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, मूळच्या हंगेरीच्या असलेल्या डॉ. मारिया टेलकेश ह्या विदुषीनें अमेरिकेंत राहून, विमान किंवा जहाज बुडाल्यावर तराफ्यावर तरंगणाऱ्या सैनिकांसाठीं एक फुगवितां येणारें पारदर्शक यंत्र तयार केलें. घडी घालून ठेवावें आणि प्रसंगीं फुगवून समुद्रावर सोडावें, असें तें होतें. त्यांतून दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी मिळे. लिटर म्हणजे किती थोडें, असें नळाखालीं उभ्या असलेल्या माणसास वाटेल. तराफ्यावरच्या माणसाचा तो एक दिवस होता.

आपल्या देशांतहि हा प्रयत्न झाला आहे. भावनगर येथें १९५४ सालीं केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था स्थापन झाली. मिठाचा अभ्यास करणाऱ्या ह्या संस्थेनेंच पाण्याचाहि अभ्यास केला, हें योग्यच झालें. तिनें १९७८ सालीं भावनगरजवळच्या अवानिया ह्या खेड्यांत दिवसाला सुमारें पांच हजार लिटर पाणी देण्याच्या बेताचें सौर ऊर्ध्वपातन केंद्र उभारलें. पुढें २००५ सालीं लक्षद्वीपांतील कवरत्ती बेटावर एक वेगळीच युक्ति योजण्यांत आली. उन्हानें तापलेलें समुद्राच्या पृष्ठभागाचें पाणी कमी दाबाच्या पोकळींत सोडून त्याची वाफ करावयाची, आणि समुद्राच्या खोल भागांतून ओढून आणलेल्या गार पाण्यानें ती वाफ थंड करावयाची. ह्या केंद्राची शक्ति दिवसाला एक लाख लिटरची. येथेंहि चूल सूर्याचीच. फक्त हौद म्हणून सबंध समुद्र वापरला.

इतकें असूनहि हें साधें यंत्र घरोघर कां पसरलें नाहीं, हा प्रश्न प्रामाणिकपणें विचारला पाहिजे. त्याचें उत्तर त्या ५६५ किलोकॅलरींत आहे. वाफ करण्यास जी प्रचंड उष्णता लागते, ती वाफ कांचेवर थंड होतांना सगळी कांचेला देऊन टाकते, आणि कांच ती वाऱ्याला देते. एकदां वापरलेली उष्णता फुकट जाते. उलट समुद्राचें पाणी पडद्यांतून दाबून गाळणाऱ्या मोठ्या कारखान्यांत वाफ करावीच लागत नाहीं. तेथें हजार लिटरांस विजेचे तीन ते चार युनिट पुरतात. एक चौरस मीटरच्या सौर विद्युत्पट्टींतून दिवसाला साधारण एक युनिट वीज मिळते. म्हणजे ज्या जागेंत कांचेची पेटी चार लिटर देते, त्या जागेंतील वीज अशा कारखान्यांत अडीचशें लिटरांचें काम करते. लहान यंत्रांत हें प्रमाण इतकें चांगलें राहत नाहीं. तेथें उच्च दाबाचे पंप हवेत, पडदे हवेत आणि ते बिघडले कीं जाणता माणूस हवा. तरीहि हा फरक डोळेझांक करण्याजोगा नाहीं. वाया जाणारी उष्णता पुन्हां पुन्हां वापरण्याच्या दिशेनें संशोधकांचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठ व चीनमधील शांघाय जिआवतोंग विद्यापीठ ह्यांच्या संशोधकांनीं २०२० सालीं एकामागें एक दहा थर असलेलें एक लहान यंत्र प्रसिद्ध केलें. एका थरावर थंड होणाऱ्या वाफेची उष्णता पुढच्या थरांतील पाणी तापविते, आणि अशा रीतीनें तेंच ऊन दहा वेळां राबतें.

आपल्या कोंकणापुरतें पाहावयाचें तर आणखी एक प्रतिस्पर्धी आहे, आणि तो म्हणजे पाऊस. कोंकणांत वर्षाला अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे छपराच्या एकेका चौरस मीटरवर चार महिन्यांत अडीच ते तीन हजार लिटर पाणी, तेंहि ऊर्ध्वपातन केलेलें, फुकट येऊन पडतें. आपली पेटी आठ कोरड्या महिन्यांत, एकहि दिवस न चुकतां चालली, तरी चौरस मीटरमागें सात-आठशें लिटरांपलीकडे जात नाहीं. वरच्या पांच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास आठ महिन्यांत लागतें सुमारें ३,६०० लिटर पाणी. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि सुमारें सोळा डेसिमीटर खोल अशी एक झांकलेली टाकी असली, तर तेवढें पाणी पावसाळ्यांतच सांठवितां येतें. म्हणून ज्याच्या घराला छप्पर आहे आणि टाकी बांधण्याची ऐपत आहे, त्यानें आधीं पन्हळ लावावी व टाकी बांधावी. पेटीचा विचार मग करावा. पावसाचें पाणी सोडून देऊन समुद्राच्या पाण्यामागें लागणें म्हणजे दारचें सोडून दूरचें धरणें होय.

मग ह्या पेटीचा उपयोग कोणास? जेथें पाऊस कमी, टाकीस जागा नाहीं, वीज पोंचत नाहीं, पंप दुरुस्त करणारा कोणी नाहीं, आणि ऊन व खारें पाणी मात्र भरपूर आहे, अशा ठिकाणीं तिचें मोल मोठें आहे. कच्छच्या छोट्या रणांत अगरिया लोक वर्षांतले सात-आठ महिने बायकामुलांसह उघड्या मैदानांत राहतात, जमिनींतलें खारें पाणी उपसून मीठ पिकवितात, आणि पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहतात. टँकरच्या फेऱ्यांमध्यें जो दिवस कोरडा जातो, त्या दिवशीं दोन चौरस मीटर कांच सहा-सात लिटर पाणी देऊं शकते. श्रीमंत शहराच्या दृष्टीनें ही मात्रा हास्यास्पद आहे. तापानें फणफणलेल्या लेकराजवळ बसलेल्या आईच्या दृष्टीनें ती तशी नाहीं. मचूळ पाण्याच्या गांवांतील दवाखाने, जेथें बॅटऱ्यांसाठीं किंवा उपकरणांसाठीं क्षाररहित पाणी लागतें अशा शाळा व कार्यशाळा, आणि किनाऱ्यावरचीं दीपगृहें ह्यांनाहि अशा पेटीचा उपयोग होतो. ज्या साधनांत फिरणारा एकहि भाग नाहीं, तें साधन मोडत नाहीं, हा त्याचा गुण विसरतां कामा नये.

शहरांतील वाचणाऱ्या व ऐकणाऱ्या घरांनीं निदान एवढें करावें. येत्या रविवारीं एका खोलगट परातींत दोन बोटें पाणी घेऊन त्यांत मूठभर मीठ विरघळवावें. मधोमध एक जड, रिकामी वाटी ठेवावी. परातीवर स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून कडेला दोरीनें घट्ट बांधावा, आणि वाटीच्या बरोबर वर कागदावर एक लहानसा खडा ठेवावा, म्हणजे तेथें कागदास खोलगा येईल. परात दिवसभर उन्हांत ठेवून सायंकाळीं ती वाटी मुलांच्या हातीं द्यावी. वाटींत चमचा-दोन चमचे पाणी असेल. तें मुलांनीं चाखावें, आणि मग आईबापांनीं त्यांस घरांतल्या नळाखालच्या बादलीकडे पाहावयास सांगावें. ती बादली भरावयास अशा किती वाट्या लागतील आणि किती दिवस लागतील, हें गणित मुलांना स्वतः करूं द्यावें. तें उत्तर ज्या मुलानें एकदां स्वतःच्या हातानें काढलें, तें मूल पुढें नळ उघडा टाकून खेळावयास जाणार नाहीं.

समुद्र मोठा आहे, ऊन उदार आहे. परंतु दोघांपासून मिळणारें पाणी थेंबाथेंबानेंच मिळतें. खारेपाटांतल्या वाफ्यावरून उडून जाणारी वाफ सगळीच्या सगळी पकडतां येणार नाहीं. तिच्यांतला एक हंडा जरी त्या मजुराच्या घरीं पोंचला, तरी मीठ पिकविणाऱ्या त्या माणसाचें थोडें ऋण फिटलें, असें म्हणतां येईल.